वारणेचा तह आणि कडेगांवचा मुलूख

वारणेच्या तहाचा विचार बहुधा भाऊबंदकीचें प्रकरण म्हणून होतो. आमच्या मतें त्याची गणना युद्धनिवारक तहांत झाली पाहिजे.

सातारकर शाहू छत्रपति व करवीरकर संभाजी हे चुलत बंधु. मार्च १७२८ च्या मुंगी-शेवगांवच्या तहानें निजामानें संभाजीचा पक्ष सोडला, तरी कलह मिटला नाहीं. १७३० सालीं उदाजी चव्हाणाच्या साह्यानें संभाजी वारणातीरीं उतरला असतां त्याचा मोड झाला व ताराबाई शाहूच्या हातीं लागली. परंतु शाहूनें करवीरचें राज्य बुडविलें नाहीं. फेब्रुवारी १७३१ मध्यें कऱ्हाडजवळ जखिणवाडी येथें उभयतांची भेट झाली आणि १३ एप्रिल रोजीं नऊ कलमांचा तह ठरला.

कृष्णा-वारणा संगमापासून तुंगभद्रेपावेतों दक्षिणतीरचा मुलूख संभाजीस मिळाला. तासगांव, अथणी वगैरे ठाणीं शाहूच्या स्वाधीन करण्याचें ठरलें. वारणेच्या उत्तरेचा कडेगांवचा मुलूख अर्थातच सातारकरांच्या वांट्यास राहिला. तथापि तहाचें मर्म इतर कलमांत आहे. एकाचे चाकर दुसऱ्यानें ठेवूं नयेत, वडगांवचें ठाणें पाडावें, एकाशीं वैर करणाराचें पारिपत्य दुसऱ्यानें करावें. दरबार बदलून पोट भरणाऱ्या सरदारांची वाट यांनीं बंद होत होती.

२७ ऑगस्ट १९२८ रोजीं पॅरिस येथें पंधरा राष्ट्रांनीं युद्धाचा त्याग केला. त्यांत हिंदुस्थानचेंहि नांव होतें. त्या करारांत प्रतिज्ञा थोर होती, पण ती मोडणारास आवरण्याची तजवीज नव्हती. १९३१ त जपाननें मांचुरियांत सैन्य घातलें व १९३९ त महायुद्ध पेटलें. वारणेच्या तहांत प्रतिज्ञेपेक्षां कलहाच्या कारणांचा बंदोबस्त अधिक आहे.

त्याची मर्यादाहि स्पष्ट आहे. तह दोन बंधूंच्या शब्दावर उभा होता. १७४९ त शाहू व १७६० त संभाजी निवर्तल्यावर पेशवे व पटवर्धन यांच्याशीं करवीरचे झगडे पुढें झालेच.

तहनाम्यांत राजे बोलतात. तहाचें फळ रयतेस मिळालें कीं नाहीं हें गांवच्या कागदांनींच सांगावें. म्हणून कडेगांव, तासगांव, शिराळा या बाजूच्या संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, १७३१ च्या आगेमागेचीं वसुलाची यादी, ठाणेदाराचें पत्र किंवा कौलनामा क्षुल्लक म्हणून टाकूं नये. युद्ध टळल्याची साक्ष अशाच कागदांत सांपडावयाची.