जवळचे केंद्र: व्यसनोपचाराच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी प्रस्तावना

"दादा, तुम्ही दिल्लीला सरकारात आहात, आमच्या ह्यांच्यासाठी एखादं चांगलं सेंटर बघून द्या ना. जवळपास असलं तर बरं." आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला गावाकडून असा फोन कधी ना कधी येतो. फोन करणारी बहुतेक वेळा बायको, बहीण किंवा आई असते. गाव तालुक्याचे किंवा त्याहून लहान. पिणारा घरातला कमावता माणूस. तिला केंद्र चांगले हवे आणि जवळही हवे. या विषयातले बहुतेक संशोधन, धोरण आणि वाद अखेर याच दोन मागण्यांपाशी येऊन थांबतात. म्हणून नव्या वाचकाचे स्वागत मी या फोननेच करतो आहे.

ज्या वसाहतीत हा फोन वाजतो, तिथे या विषयाचा सरकारी इतिहासही आहे. आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉक एकमध्ये, पाच नंबरच्या विंगमध्ये नार्कोटिक्स कंट्रोल ब्यूरोचे मुख्यालय. ब्यूरो स्थापन झाला १७ मार्च १९८६ रोजी. त्याचे काम मालाची वाहतूक रोखण्याचे आणि टोळ्या पकडण्याचे. त्याच इमारतीच्या सात नंबरच्या विंगमध्ये, द्वारकेला हलण्यापूर्वी, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल डिफेन्स होती. देशभरच्या व्यसनमुक्ती केंद्रांतल्या समुपदेशकांना आणि कार्यकर्त्यांना शिकवण्याचे काम या संस्थेचे. पुरवठा तोडणारे खाते आणि मागणी कमी करणारे खाते एका जिन्याच्या अंतरावर होते. पण पैसा, मनुष्यबळ आणि वर्तमानपत्रांतली जागा या तिन्हींत पहिले खाते कायम पुढे राहिले. पकडलेल्या मालाचा फोटो छापून येतो. तालुक्याच्या दवाखान्यात गोळी घेऊन घरी गेलेल्या माणसाचा येत नाही.

कायद्याला मात्र रुग्ण सुरुवातीपासून ठाऊक होता, हे आवर्जून सांगायला हवे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ७१ ने सरकारला उपचारकेंद्रे काढण्याचा अधिकार दिला. १९८९ च्या दुरुस्तीने कलम ६४अ आले: सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगल्याच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम पोलीस ठाण्यापर्यंत किती पोचले आणि वकिलांनी ते किती वापरले, यावर मराठीत नीट अभ्यास व्हायला हवा. दारू या कायद्यात येतच नाही. ती राज्यांचा विषय, उत्पादन शुल्काचा विषय, म्हणजेच उत्पन्नाचा विषय. त्यामुळे तंबाखू वगळता देशातले सर्वांत मोठे व्यसन आणि त्यावरचा उपचार यांची सांगड सरकारी रचनेत कधी नीट बसलीच नाही.

किती मोठे, तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना मुलांमधल्या व्यसनांचे राष्ट्रीय सर्वेक्षण करायला सांगितले. केंद्र सरकारने सर्व वयोगटांचे सर्वेक्षण एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडे सोपवले आणि अहवाल २०१९ च्या फेब्रुवारीत आला. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. ५.७ कोटींहून अधिक लोकांना दारूमुळे होणाऱ्या त्रासासाठी मदत हवी आहे. आणि दारूवर अवलंबून झालेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. हा अहवाल पहिल्यांदा वाचणाऱ्याने या शेवटच्या दोन आकड्यांपाशी थोडे थांबावे.

हे सर्वेक्षण करणारे केंद्र १९८८ मध्ये दिल्लीच्या दीनदयाल उपाध्याय रुग्णालयात सुरू झाले आणि २००३ मध्ये गाझियाबादला गेले. आर. के. पुरमहून एम्सची मुख्य इमारत हाकेच्या अंतरावर असली, तरी व्यसनांसाठीचे हे राष्ट्रीय केंद्र शहर ओलांडून उत्तर प्रदेशात आहे. तिथे खाटा आहेत ५०. एवढ्या मोठ्या देशाचे सर्वोच्च केंद्र ५० खाटांचे, हे ऐकून कुणाला राग येईल. मला त्यातून वेगळेच दिसते. खाटा पाचशे केल्या तरी ५.७ कोटींचा हिशेब जुळत नाही, आणि या केंद्रातल्या लोकांना ते फार आधी कळले होते. म्हणूनच त्यांनी दिल्लीच्या त्रिलोकपुरीत वस्तीतला दवाखाना चालवला आणि बाह्यरुग्ण विभागावर भर दिला. अफूवर्गीय व्यसनांसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध रुग्णाने येऊन घ्यावे आणि कामाला जावे, अशी त्यांची पद्धत आहे. 'सेंटर म्हणजे भरती' ही आपल्या घराघरांतली समजूत या क्षेत्राने बऱ्याच आधी मागे टाकली आहे. घरांपर्यंत ती बातमी अजून गेलेली नाही.

समजूत कुठून आली, याचा शोध महाराष्ट्रात घेताना मुक्तांगणपाशी यावेच लागते. २९ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे ब्यूरो स्थापन झाला त्याच वर्षी, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते सुरू केले. गर्द म्हणजे ब्राउन शुगरवरच्या अनिल अवचटांच्या लेखनाने अस्वस्थ झालेले पु. ल. आणि सुनीता देशपांडे त्यामागे उभे राहिले. ३५ दिवसांचा निवासी कार्यक्रम, बरे झालेल्या पेशंटांनी पुढे समुपदेशक होणे, बायकांसाठी सहचरी गट, व्यसन सुटल्याचा वाढदिवस, अशा कितीतरी गोष्टी महाराष्ट्राने तिथून शिकल्या. पण मुक्तांगण बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात ३५ दिवस राहतात. आत काम केलेल्यांना विचारा, ते फॉलोअपबद्दल बोलतील. टर्की, म्हणजे व्यसन तोडल्यावरचा त्रास, उतरणे हा त्यांच्या लेखी सर्वांत सोपा टप्पा. घरी गेल्यावरचा पहिला पगार, पहिले लग्न, पहिला पोळा यात माणूस कसा टिकला, हे महिन्याच्या बैठकीत कळते. ती बैठक गावापासून दोनशे किलोमीटरवर असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात माणूस येईनासा होतो. 'जवळपास असलं तर बरं' या वाक्यात त्या बाईने, न जाणता, संशोधनाचा गाभाच सांगितलेला असतो.

जवळ असण्याचे मोल फॉलोअपपुरतेच नाही. आता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली एक खाट पाहा. पडून मांडीचे हाड मोडलेला पन्नाशीचा शेतकरी. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर देशी घेणारा, पण ते कुणी विचारले नाही आणि नातेवाइकांनी लाजेपोटी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. तिसऱ्या रात्री तो चादरीवरचे न दिसणारे किडे झटकू लागतो, खाटेवर पडल्या पडल्या बैल हाकू लागतो, बायकोला ओळखत नाही. कुणी म्हणते बाहेरची बाधा, कुणी अंगारा आणते, कुणी हाडाच्या डॉक्टरला दोष देते. खरे तर शेवटचा घोट घेऊन दोन-तीन दिवस झाले की दारूवर अवलंबून असलेल्या काही जणांत उद्भवणारी ही ओळखीची, जिवावर बेतू शकणारी अवस्था आहे: डिलिरियम ट्रेमेन्स. फिट तर त्याही आधी, पहिल्या दोन दिवसांत येऊ शकते. उपचार तालुक्याच्या आवाक्यातला आहे. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम योग्य मात्रेत, बी-१ म्हणजे थायमिन, आणि थायमिन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी. हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यातले काहीही महाग नाही. हवा असतो फक्त दाखल करतानाच 'रोज किती घेता?' हे न लाजता, न रागावता विचारणारा माणूस. फिट आणि डिलिरियमच्या या धोक्यामुळेच, रोज पिणाऱ्याची दारू घरच्यांनी कोंडून घालून एकदम तोडणे धोक्याचे असते.

खाट नव्हे, टप्पे, असा विचार करून काम उभे केल्याची दोन उदाहरणे नव्या अभ्यासकाने नीट पाहावीत. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या टीटीके रुग्णालयाने पुढे तंजावर भागातल्या मंजक्कुडी गावात उपचार-शिबिरे भरवायला सुरुवात केली: रुग्णाने शहरात जायचे नाही, पथकाने गावात यायचे, आणि गावातल्या लोकांनी जेवणखाण, जागा, पुढची देखरेख सांभाळायची. दुसरे आपल्या गडचिरोलीतले. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ मध्ये राज्य सरकार, डॉ. अभय आणि राणी बंग यांची 'सर्च' आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'मुक्तिपथ' सुरू केले. गावसंघटना, बेकायदा विक्री बंद पाडणे, खर्रा-तंबाखूविरोधी काम आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी भरणारे उपचार-क्लिनिक, गावात शिबिर. बंदी हवी की नको, यावर महाराष्ट्रात जोरदार वाद आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. माझे मत असे, की बंदीच्या वादात क्लिनिकचा दिवस हरवून जातो. बंदी असलेल्या जिल्ह्यात बेकायदा पिणाऱ्याला आणि बंदी नसलेल्या जिल्ह्यात परवान्याची पिणाऱ्याला गोळी तीच लागते, बैठकही तीच.

'चांगलं' या मागणीचे उत्तर अधिक कठीण आहे, आणि इथे मला कडक बोलावे लागते. व्यसनमुक्ती केंद्राच्या नावाखाली कुलूपबंद खोल्या चालवणारे लोक देशात आहेत. रात्री गाडी घेऊन येतात, चौघे मिळून माणसाला उचलून नेतात, महिनोन्महिने ठेवतात, भेटू देत नाहीत, मारतात. घरचे हताश असल्यामुळे पैसेही भरतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि दारू व अमली पदार्थांशी जोडलेले मानसिक विकार त्याच्या व्याख्येतच आहेत. त्यानुसार अशी संस्था राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेली हवी, साखळदंड पूर्ण निषिद्ध, आणि माणसाच्या संमतीशिवाय दाखल करायचे तर त्याला ठरलेली वैद्यकीय प्रक्रिया आणि मुदत आहे. म्हणून फोनवरच्या बाईला मी हेच प्रश्न विचारायला सांगेन: नोंदणी दाखवता का? मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात? आम्हाला भेटता आणि फोनवर बोलता येईल का? फी लेखी द्याल का? घरी आल्यावर पुढचे वर्षभर कोण बघणार? शेवटच्या प्रश्नावर जो अडखळतो, त्याच्याकडे खाट असेल, उपचार नाही.

याच कायद्यातले कलम १८ लहान गावांच्या फार कामाचे आहे. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत उपचार घेण्याचा हक्क आहे आणि खर्च सरकारने सोसायचा आहे. ज्यांनी हा हक्क प्रत्यक्ष मागून पाहिला, त्यांच्या हकिकती गोळा करणे हे या क्षेत्रातले अत्यंत मोलाचे काम ठरेल.

एसटी स्टँडच्या भिंतींवर 'पेशंटला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती सगळ्यांनी पाहिल्या आहेत. पुडीत काय असते ते पुडी विकणाऱ्यालाच माहीत. डायसल्फिरॅम हे खरे औषधसुद्धा काही घरांत भाजीत कालवून दिले जाते. ते घेतलेल्या माणसाने दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. हृदयविकार असेल तर जीव जाऊ शकतो. हे औषध माणसाच्या संमतीने, त्याला परिणाम समजावून, देखरेखीखालीच द्यायचे असते. भाजीत कालवणाऱ्या बाईला मी दोष देत नाही. तिच्या तालुक्यात तिचे ऐकून घेणारे कुणी नव्हते, म्हणून ती त्या पुडीपर्यंत पोचली. स्त्रीच व्यसनी असेल तर ती फोनही करत नाही. १.६ टक्के हा आकडा लहान दिसतो; पण स्त्रियांसाठी वेगळी सोय असलेली केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मुक्तांगणाचा 'निशिगंध' हा विभाग म्हणून महत्त्वाचा.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा उल्लेख टाळून चालणार नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात दोन दारुड्यांच्या भेटीतून जन्मलेली ही चळवळ आज महाराष्ट्रात शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये भरते. फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही. आडनावावरून सगळी कुंडली कळणाऱ्या गावात या शेवटच्या गोष्टीचे मोल किती, यावर एखाद्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने मनापासून लिहावे.

नव्या अभ्यासकाला सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडेल. केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक फिरवून आपल्या तालुक्यासाठी काय उत्तर मिळते ते लिहून ठेवावे. मग ग्रामीण रुग्णालयात जाऊन औषधांच्या खिडकीवर थायमिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड आहे का ते विचारावे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कोणत्या वारी येतात ते पाहावे, आणि त्या दिवशी सकाळी बाकावर बसलेल्यांत एसटीने कोण आले, चालत कोण आले, कुणाला रोज बुडवावा लागला, याची नोंद करावी. अशा नोंदी तालुक्यातालुक्यांतून जमल्या, तर 'जवळपास कुठं आहे?' या प्रश्नाला दिल्लीतल्या दादाला नावानिशी, वारानिशी उत्तर देता येईल.