पहिल्या महापौराचें नांव

वऱ्हाडांतील लोणार या गांवाला नांव कोणाचें मिळालें, हें पाहूं गेल्यास मोठी मौज वाटते. लवणासुर नांवाचा दैत्य तेथील विवरांत दडून बसे व भोंवतालच्या प्रदेशास त्राहि त्राहि करून सोडी, आणि विष्णूनें दैत्यसूदनाचें रूप घेऊन त्याचा वध केला, अशी पुराणकथा आहे. मारणाऱ्याच्या नांवानें कोरीव कामानें नटलेलें देवालय उभें राहिलें. गांवाला चिकटलें तें मात्र मरणाऱ्याचें नांव! सरोवराच्या बाबतींतहि तोच प्रकार. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोणारच्या क्षारांचा उल्लेख येतो. तथापि इंग्रजी ग्रंथांनीं शोधकाचा मान दिला तो 1823 सालीं तेथें गेलेल्या सी. जे. ई. अलेक्झांडर या अधिकाऱ्याला. पहिला कोण आणि दगडावर नांव कोणाचें, या प्रश्नांचीं उत्तरें नेहमीं जुळतातच असें नाहीं.

1903 पासून 1956 पर्यंत लोणारचा राज्यकारभार ज्या नागपुरांतून चाले, त्या नागपूरच्या पहिल्या महापौराची कथाहि या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. नागपूरची नगरपालिका 1864 सालची. पुढें मार्च 1951 मध्यें तिचें रूपांतर महानगरपालिकेंत झालें व बॅरिस्टर शेषराव कृष्णराव वानखेडे हे शहराचे पहिले महापौर झाले. त्यांचा जन्म 24 सप्टेंबर 1914 चा. म्हणजे हा मान त्यांना चाळिशीच्या आंतच लाभला. ‘महापौर’ हा शब्दहि त्या वेळीं तसा नवाच होता. मुंबईंत 1931 पासून ‘मेयर’ होते. त्या शब्दाला हा मराठी प्रतिशब्द सावरकरांनीं दिला. पदाचा डौल मोठा, परंतु कारभाराच्या किल्ल्या बहुतांशीं सरकारी अधिकाऱ्याच्या हातीं, अशी या पदाची आपल्याकडील रचना आहे. सभेचें अध्यक्षपद आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिळणारा मान एवढ्याच भांडवलावर महापौराला आपली छाप पाडावी लागते. म्हणूनच पहिल्या महापौराचें स्मरण पुष्कळदां एका कोनशिलेपुरतें उरतें.

वानखेडे यांच्या नशिबीं मात्र याहून अगदीं निराळें स्मारक होतें. 1 नोव्हेंबर 1956 रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत आला, नागपूरचें राजधानीपण गेलें, आणि तेथील कर्त्या माणसांचा ओघ मुंबईकडे वळला. वानखेडे पुढें राज्याचे मंत्री झाले आणि 1972 ते 1977 या काळांत महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. शिवाय मुंबईच्या क्रिकेट संघटनेचेंहि अध्यक्षपद त्यांच्याकडे होतें.

या संघटनेला स्वतःचें मैदान नव्हतें. कसोटी सामने भरत ते 1937 सालीं उघडलेल्या ब्रेबोर्न स्टेडियमवर, आणि तें होतें क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचें. तिकिटांच्या वांटणीवरून दोन्ही संस्थांचें वारंवार वाजे. त्यांतच आमदारांच्या एका सामन्यासाठीं मैदान मागावयास गेलेल्या वानखेडे यांना क्लबाचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनीं नकार दिला, असें सांगतात. मर्चंट हे थोर फलंदाज. पण हा चेंडू त्यांनीं सोडून दिला असता तर बरें झालें असतें. ब्रेबोर्नपासून हांकेच्या अंतरावर नवें क्रीडागार बांधावयाचें वानखेडे यांनीं ठरविलें, शशी प्रभु या तरुण वास्तुशिल्पज्ञाकडे काम सोंपविलें, आणि सुमारें तेरा महिन्यांत तें उभें राहिलें. मानभंगांतून मंदिरें उभीं राहिल्याच्या कथा आपल्याकडे आहेत. हीहि त्यांतलीच एक म्हणावी लागेल. शेजारीं उत्तम मैदान असतांना दुसऱ्यावर पैसा ओतावा काय, हा प्रश्न रास्त होता. परंतु ज्याच्या हातीं मैदान, त्याच्या हातीं खेळ, ही अडचण वानखेडे यांनीं नेमकी ओळखली होती.

23 जानेवारी 1975 रोजीं तेथें भारत व वेस्ट इंडीज यांच्यामधील कसोटी सामना सुरू झाला. क्लाइव्ह लॉइड यानें नाबाद 242 धावा काढल्या. त्याचें द्विशतक पुरें होतांच एक प्रेक्षक अभिनंदनासाठीं मैदानांत धांवला, पोलिसांनीं त्याला चोपलें, आणि चिडलेल्या लोकांनीं नव्या कोऱ्या स्टेडियमांत दंगल केली. भारत 201 धावांनीं हरला. असा हा गृहप्रवेश!

स्टेडियमला नांव दिलें गेलें तें वानखेडे यांच्या हयातींतच. जिवंत माणसाचें नांव वास्तूला देण्याची ही रीत सर्वांसच रुचेल असें नाहीं, आणि तीं नाकें मुरडणारांची बाजू अगदींच पोकळ नाहीं. 1980 ते 1982 या काळांत ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते; 30 जानेवारी 1988 रोजीं ते वारले. 2 एप्रिल 2011 रोजीं भारतानें विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर. त्या रात्रीं ‘वानखेडे’ हा शब्द जगभर उच्चारला गेला, तो एका जागेचें नांव म्हणून. या नांवाचा माणूस नागपूरचा पहिला महापौर होता, हें त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असावें. खुद्द नागपूरजवळ जामठा येथें 2008 सालापासून कसोटी सामने होऊं लागले. तें मैदान विदर्भ क्रिकेट संघटनेच्या नांवानें ओळखलें जातें.