लघवी नीट होते, मग कॅन्सर कुठला?

आजचा विषय आपल्या घरांत कुणी मोठ्याने बोलत नाही असा, म्हणजे प्रोस्टेट. माझ्या काकांचा बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा ते एकच म्हणत होते, "अरे, मला लघवीचा काही त्रासच नाही, मग कॅन्सर कुठला?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधत मी थेट १८५३ मध्ये पोचलो.

त्या वर्षी लंडन हॉस्पिटलचे सर्जन जॉन अ‍ॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकातून खात्री केलेली प्रोस्टेट कॅन्सरची पहिली केस लिहिली, आणि हा रोग फार दुर्मीळ असल्याचं नोंदवलं. दुर्मीळ कसला! म्हातारपणी लघवी अडली की सगळा दोष वाढलेल्या ग्रंथीवर जायचा. आत खोल बघणार कोण?

पुढे १९१२ मध्ये ऑस्वल्ड लोस्लींनी गर्भातली ग्रंथी तपासून तिचे पाच खंड सांगितले. मोठ्या माणसात ते वेगळे दिसायचे नाहीत, तरी पुस्तकांत अनेक वर्षं तेच पाच खंड.

हा नकाशा बदलला तो अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जॉन मॅकनील यांनी, १९६०च्या दशकापासून. त्यांनी ग्रंथी नुसती आडवी न कापता मूत्रमार्गाच्या रेषेत कापून पाहिली आणि आत वेगवेगळे झोन सापडले. मूत्रमार्गाला लगटून असलेला ट्रान्झिशन झोन निरोगी ग्रंथीत जेमतेम ५ टक्के. पण वयाबरोबर फुगतो तो हाच, म्हणून धार बारीक होते. कॅन्सर मात्र बहुतेकदा बाहेरच्या, मागच्या पेरिफेरल झोनमध्ये सुरू होतो. मॅकनील आणि सहकाऱ्यांच्या १९८८च्या अभ्यासात ६८ टक्के तिथे होते, २४ टक्के ट्रान्झिशनमध्ये, ८ टक्के सेंट्रलमध्ये. हा मागचा भाग मूत्रमार्गापासून लांब, गुदाशयाला टेकलेला. म्हणून सुरुवातीला लघवीला काहीच होत नाही, आणि म्हणूनच डॉक्टर तिथून बोट घालून तपासतात. (हो, तीच ती तपासणी, जिच्यासाठी काका दोन वर्षं टाळाटाळ करत होते.)

आता रिपोर्टकडे या. निरोगी ग्रंथीच्या नळ्यांना पेशींचे दोन थर असतात. कॅन्सरमध्ये बाहेरचा बेसल थर नाहीसा होतो. १९६६ मध्ये मिनिॲपोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात डोनाल्ड ग्लीसन यांनी एकेक पेशी न्याहाळण्यापेक्षा नळ्यांची रचना किती विस्कटली ते पाहिलं. कमी मोठं करून, लांबून. १ म्हणजे नळ्या नीटनेटक्या, ५ म्हणजे नळ्या उरल्याच नाहीत. सगळ्यात जास्त दिसणारा नमुना आधी, दुसरा नंतर, आणि त्यांची बेरीज.

काकांच्या कागदावर ३+४ होतं. घरात सगळे त्या सातवरच अडले होते. मी म्हटलं, "काका, ४+३ चेही सातच होतात, पण ते जास्त वाईट. तुमचा तीन पुढे आहे."

त्यांनी चष्मा लावला आणि कागद परत मागितला.