जिना ते सायकल: फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधीचा व्यायाम

फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेआधी रुग्णाकडून करून घेतला जाणारा व्यायाम उपचार म्हणून आला नाही, परीक्षा म्हणून आला. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेत सेंट लुईसच्या बार्न्स रुग्णालयात एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगग्रस्त डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत समूळ काढले आणि रुग्ण पुढे अनेक वर्षे जगला. उरलेल्या एका फुप्फुसावर माणसाचे भागेल का, हा मग नेहमीचाच प्रश्न झाला. त्यातून अनेक रुग्ण वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारे, चार पायऱ्यांत धाप लागणारे. सर्जन त्यांना जिना चढायला लावत आणि कुठे दम लागतो ते पाहत.

पुढे जिन्याच्या जोडीला सायकल आणि ऑक्सिजनचा वापर मोजणारा तोंडावरचा मास्क आला. शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला २० मिलिलिटरहून जास्त ऑक्सिजन वापरणारा रुग्ण पास. १० च्या खाली शस्त्रक्रियेचा धोका फार मोठा. नापास झालेल्याची तयारी करून घ्यावी, हे मात्र बराच काळ फारसे कोणाच्या मनात आले नाही.

श्वसनाचे व्यायाम होते. लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन यांनी ते १९३० च्या दशकातच सुरू केले होते; पण त्यांचा रोख फुप्फुस फुलवण्यावर आणि कफ सुटण्यावर होता, दमसास वाढवण्यावर नव्हे. आधी तयारी करून घेण्याची कल्पना दुसरीकडे रुजत होती: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने अशक्त जवानांना आहार व कवायत देऊन कामगिरीवर पाठवण्याआधीच धडधाकट केले. ‘प्रीहॅबिलिटेशन’ हे नाव त्या काळचे. शस्त्रक्रियेच्या दालनात ते कित्येक दशकांनी शिरले.

कर्करोग थांबत नाही, म्हणून तयारीला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. जिनिव्हात मार्क लिकर आणि सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली: सायकलवर १५ सेकंद जीव खाऊन पेडल, १५ सेकंद विश्रांती, असे सलग १० मिनिटे, थोडे थांबून पुन्हा तेवढेच. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १५१ रुग्ण होते. मृत्यू आणि सर्व गुंतागुंती एकत्र मोजल्यावर ठोस फरक दिसला नाही. फुप्फुसाच्या गुंतागुंती मात्र हा व्यायाम न केलेल्यांत ४४ टक्के, तर केलेल्यांत २३ टक्के दिसल्या. या चाचणीत व्यायामाचा ठळक फायदा दिसला तो इथेच.