हिशेबाची वही पालकांच्या हाती

वर्णभेदाचे राज्य कायद्याने संपले, म्हणजे शाळेच्या वर्गातूनही ते संपले काय? दक्षिण आफ्रिकेच्या शालेय इतिहासाकडे पाहताना हा प्रश्न वारंवार मनात उभा राहतो.

१९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना हेतुपुरस्सर निकृष्ट शिक्षणाच्या चौकटीत कोंडले. १६ जून १९७६ रोजी सोवेटोची मुले आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरली, त्यामागे या दुजाभावाची चीडही होती. पुढे १९९२ मध्ये, गोऱ्यांची सत्ता मावळतीला लागली असताना, त्यांच्या बहुतेक सरकारी शाळांना 'मॉडेल सी' हे रूप देण्यात आले. शिक्षकांचे वेतन सरकारने द्यायचे. उरलेला बराचसा खर्च नियामक मंडळाने पालकांकडून फी घेऊन भागवायचा.

लोकशाही सरकारच्या १९९६च्या शाळा कायद्याने असे नियामक मंडळ प्रत्येक सरकारी शाळेला दिले आणि त्यात निर्वाचित पालकांचे बहुमत ठेवले. मंडळाने शाळानिधी उभारावा, दरवर्षी अंदाजपत्रक तयार करावे आणि किमान ३० दिवसांची सूचना देऊन ते पालकसभेपुढे ठेवावे. फी घ्यायची की नाही, हे सभेने बहुमताने ठरवावे. हिशेब तपासून घ्यावेत. ज्यांना फी झेपत नाही त्यांना सूट द्यावी, असे नियम झाले. फी थकली म्हणून मुलाला शाळेच्या कार्यक्रमांतून वगळण्यास मनाई झाली.

फी कायम का ठेवली? सरकारी तिजोरीवर ताण होता. शिवाय सुस्थितीतील कुटुंबे खाजगी शाळांकडे वळतील, ही भीती होती. परिणामी अधिकार समान मिळाले, निधी मात्र समान जमला नाही. संपन्न वस्तीतील मंडळ स्वतःच्या निधीतून जादा शिक्षक नेमू शकले. बेकारीने पिचलेल्या वस्तीतील मंडळाकडे तोच अधिकार होता. परंतु वाटून घ्यायला पैसाच नव्हता.

ही उणीव सरकारनेही ओळखली. १९९८च्या निकषांनुसार परिसराच्या दारिद्र्यावरून शाळांचे पाच गट पाडण्यात आले आणि वेतनेतर खर्चासाठी गरीब गटांना अधिक अनुदान ठरले. २००७ पासून सर्वांत गरीब दोन गटांतील शाळांची फी रद्द झाली; पुढे तिसऱ्या गटालाही ही सवलत मिळाली.

पालकांना शाळेच्या कारभारात आवाज मिळाला, ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि हिशेबाची वही सोपवताना तिच्यात जमेची बाजू कोण भरणार, हे ठरवल्याखेरीज स्वशासन अर्धेच राहते. त्या देशाच्या अनुभवाचा हाच बोध होय.