९२७, फिफ्थ ॲव्हेन्यू: एका घरट्याची गोष्ट

आजची गोष्ट न्यूयॉर्कमधल्या एका पक्ष्याची. पण त्यात सोसायटी आहे, मोर्चा आहे आणि कायद्यातली पळवाटही आहे, त्यामुळे इअरफोन काढू नका.

१९९१ मध्ये सेंट्रल पार्कात लाल शेपटीचा एक ससाणा आला. डोकं नेहमीपेक्षा फिकट, म्हणून बघ्यांनी नाव ठेवलं पेल मेल. झाडं सोडून त्याने घरटं बांधलं ते समोरच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ९२७ नंबरच्या इमारतीत, बाराव्या मजल्याच्या खिडकीवरच्या कठड्यावर. कबुतरं बसू नयेत म्हणून तिथे टोकदार खिळे लावलेले होते. आपल्याकडे गॅलरीत लावतात ना, तसेच. त्याच खिळ्यांत पठ्ठ्याच्या काटक्या अडकून बसल्या!

१९९५ मध्ये तीन पिल्लं उडाली. खाली तळ्याकाठच्या बाकांवर दुर्बिणी घेऊन रोज तीच ती माणसं. अंडी साधारण महिनाभर उबवायची, मग नराने उंदीर-कबुतरं आणायची, मादीने बारीक तुकडे करून भरवायचे. सहा-सात आठवड्यांत पिल्लं कठड्यावर पंख फडफडवायला लागतात. पहिली उडी कोण कधी मारणार, यावर खाली सगळ्यांचे श्वास रोखलेले. मला हे फार आवडतं. शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेलं शहर, आणि ससाण्याच्या पिल्लांची खडान्‌खडा माहिती.

मग ७ डिसेंबर २००४. इमारतवाल्यांनी घरटं काढलं, खिळ्यांसकट. पक्ष्यांसाठी १९१८ चा कायदा होता, पण २००३ मध्ये सरकारने त्याचा अर्थ सैल केला होता: अंडी-पिल्लं नसतील तर घरटं काढायला परवाना नको. झालं, लोक रस्त्यावर! ससाण्यांसाठी हॉर्न वाजवा असे फलक, आणि टॅक्सीवाले खरंच वाजवत होते. त्याच इमारतीत राहणारी अभिनेत्री मेरी टायलर मूरही निदर्शनांत उतरली. १६ दिवसांत इमारतवाले नमले. खिळे परत बसले, खाली स्टीलचा आधारही आला.

विजय? बातम्या तिथेच संपतात. पण पेल मेल आणि त्याची जोडीदारीण लोला यांनी घरटं पुन्हा रचलं, लोला दर वसंतात अंड्यांवर बसली, आणि एकही फुटलं नाही. एक वर्ष नाही, सलग सहा वर्षं. बाकांवरची माणसं दिवस मोजायची, महिना उलटायचा, आणि तरीही लोला बसूनच. मोर्चापेक्षा मला हीच सहा वर्षं जास्त आठवतात. तिथे हॉर्न वाजवून काही होणार नव्हतं.

२०१० च्या अखेरीस लोला दिसेनाशी झाली. नवी मादी आली आणि २०११ मध्ये घरट्यात अखेर पिल्लं दिसली. पुढच्या फेब्रुवारीत तीही मेलेली सापडली. तपासणीत उंदरांच्या विषाचे अंश निघाले. विष खाल्लेला उंदीर तिने खाल्ला असणार.

पेल मेलने पुन्हा जोडी जमवली. त्याच वसंतात घरट्यात पिल्लं होती, आणि बाकांवर तीच माणसं, माना वर करून.