चार्ल्स कोरिया व दादरचे तारणमाता मंदिर

जुबिलीचे वर्ष आले म्हणजे धर्मग्रामात हटकून दोन पक्ष पडतात. जुन्या प्रार्थनामंदिरास हात लावू नये असे वडीलधारी मंडळी म्हणतात. जागा अपुरी, भिंतींस ओल, तेव्हा नवेच उभारावे हे तरुणांचे म्हणणे. एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेल्या आपल्या वाशीममध्ये जुन्या वास्तूंविषयी जिव्हाळा अधिकच असावयाचा. अशा वेळी आपल्याच धर्मबंधूंत जन्मास आलेल्या एका स्थापत्यविशारदाचे कार्य पाहण्याजोगे आहे.

चार्ल्स कोरिया हे गोमंतकीय घराण्यातील. त्यांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेस झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजानंतर ते अमेरिकेस गेले व मिशिगन विद्यापीठ आणि मॅसॅच्युसेट्सची तंत्रविद्यासंस्था येथे स्थापत्य शिकून परतले. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत व्यवसाय मांडला. साबरमतीचे गांधी स्मारक संग्रहालय (१९६३) हे त्यांचे आरंभीचे काम: विटांचे खांब, कौलारू छपरे, मधून उघडे चौक, आणि काचेच्या खिडक्यांऐवजी लाकडी झडपा. पुढे जेथे ते स्वतः शिकले त्या संस्थेत, तसेच केंब्रिजलाही, त्यांनी अध्यापन केले.

आपणांस विशेष महत्त्वाचे ते दादरचे तारणमातेचे मंदिर. ‘पोर्तुगीज चर्च’ या नावानेच ते अधिक ओळखले जाते. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५९६ मध्ये स्थापिलेल्या या ठिकाणी १९७०च्या दशकात जुनी वास्तू काढून कोरियांच्या आराखड्याप्रमाणे नवी उभारण्यात आली. उंच शिखर नाही की भव्य दर्शनी भिंत नाही. काही छपराखालच्या व काही आकाशाखालच्या जागा एकमेकींत गुंफलेल्या आहेत. वर काँक्रीटची मोठी कवचे असून उष्ण हवा त्यांच्या माथ्यावाटे निघून जाते व चौकांतून ताजी हवा आत येते. वऱ्हाडातील वैशाखात मिस्सेस बसणाऱ्यास याची थोरवी वेगळी सांगावयास नको! कित्येक भाविकांस ते रूप प्रथम रुचले नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही.

याच कोरियांनी १९८४ मध्ये मुंबईत ‘अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट’ स्थापिली, आणि त्या संस्थेने कोट भागातील जुन्या इमारतींच्या रक्षणाचा पाठपुरावा केला. जुने काढून नवे बांधणारा मनुष्य जुन्याचा कैवारी कसा, असे कोणी विचारील. माझ्या मते येथे विसंगती नाही. चौक, पडवी, सावली आणि वारा ही आपल्या देशातील जुन्या घरांची खरी मिळकत. ती त्यांनी दादरलाही सोडली नाही. मात्र जी भिंत पडली ती पुन्हा येत नाही, हेही तितकेच खरे.

२०१५ साली कोरिया निवर्तले. पणजीची कला अकादमी ही त्यांचीच कृती. २०१९ मध्ये तिचा भाग पाडण्याची भाषा निघाली तेव्हा कलावंत व स्थापत्यविशारद विरोधास उभे राहिले आणि शेवटी दुरुस्ती हाती घेण्यात आली. पण ती चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचे छप्पर कोसळले.